नवी परावर्ती दुर्बीण: आधी जुळवा, मग खर्च करा

खोक्यातून काढलेली दुर्बीण जोडायला तासभर पुरतो. तरीही पहिल्या रात्री चंद्र सोडला तर बहुतेकांना काही धड दिसत नाही आणि सगळा दोष आरशाला दिला जातो. प्रत्यक्षात ७६ ते १५० मिलिमीटर व्यासाच्या साध्या दुर्बिणीचा मुख्य आरसा सहसा ठीकच असतो. बिघडलेलं असतं ते आजूबाजूचं: दोन आरसे एकमेकांशी जुळलेले नसतात, नळीत अजून खोलीतली उब असते, ट्रायपॉड थरथरत असतो आणि फोकसरमध्ये, म्हणजे फोकस जुळवायच्या नळकांड्यात, सगळ्यात जास्त पटीचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) खोचलेलं असतं. यातलं काहीही दुरुस्त करायला नवी दुर्बीण लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हातातली दुर्बीण तिच्या पूर्ण ताकदीला आणा, खरेदीचा विचार त्यानंतर.

१. नळीवरचे आकडे वाचा

फोकसरजवळच्या पट्टीवर 'डी = ११४, एफ = ९००' अशा धर्तीचे दोन आकडे असतात. पहिला मुख्य आरशाचा व्यास, दुसरा त्याचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की दुर्बिणीचं गुणोत्तर मिळतं. ९०० भागिले ११४ म्हणजे जवळजवळ ८, ही एफ/८ दुर्बीण झाली. १३० आणि ६५० असतील तर एफ/५.

किती पट मोठं दिसेल हे आयपीसवर ठरतं: दुर्बिणीची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ. ९०० च्या दुर्बिणीत २५ मिमीचं आयपीस ३६ पट देतं, १० मिमीचं ९० पट. वरची मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट धरतात, म्हणजे ११४ मिमीला २२८ पट. पण ती फार शांत हवेतली गोष्ट आहे. एरवी दीडशेच्या आसपासच चित्र विरघळायला लागतं. खोक्यावर छापलेली ४५० किंवा ६७५ पट ही ४ मिमीचं आयपीस आणि बारलो लेन्स (आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग) एकावर एक चढवून काढलेली असते. ती विसरून जा.

इथेच एक गोष्ट तपासा. फोकल लेंथ १००० मिमी लिहिली आहे, पण नळी जेमतेम अर्धा मीटर लांब आहे? मग फोकसरच्या नळकांड्यात आतल्या बाजूला एक कायमची लेन्स बसवलेली आहे. ही बर्ड-जोन्स पद्धतीची दुर्बीण. तिचे आरसे जुळवणं जास्त कटकटीचं असतं. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

२. हाताशी घ्यायचं सामान

- दुय्यम आरशाच्या (नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या तिरप्या आरशाच्या) स्क्रूंना बसणारी अ‍ॅलन की आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर
- माउंटचे, म्हणजे नळी पेलणाऱ्या बैठकीचे, नट घट्ट करायला पाना
- फोकसरचं प्लॅस्टिकचं धूळझाकण, बरोबर मध्यात दीड-दोन मिमीचं भोक पाडून
- पांढरे कागद, पेन्सिल, कात्री
- फायलीतल्या कागदाच्या भोकाला लावतात ती चिकट गोल रिंग
- लाल उजेडाचा टॉर्च, किंवा साध्या टॉर्चला लाल पारदर्शक कागद
- मोबाइलवर तारानकाशा आणि होकायंत्र

हे भोक पाडलेलं झाकण म्हणजेच तुमचं पहिलं कॉलिमेशनचं, म्हणजे आरसे जुळवायचं, साधन. सुरुवातीला स्वस्त लेझर कॉलिमेटर घेऊ नका. तो स्वतःच वाकडा असतो आणि फोकसरमध्ये गोल फिरवला की त्याचा ठिपकाही फिरतो. अशा लेझरने जुळवलेले आरसे खात्रीने चुकीचे जुळतात.

३. माउंट जोडा

डॉब्सन बैठक (जमिनीवर ठेवायची, वर-खाली आणि गोल फिरणारी साधी बैठक) असेल तर काम सोपं: सपाट जमिनीवर ठेवा, बुडाचा मधला बोल्ट इतपतच आवळा की बोटाने ढकलल्यावर नळी सरकावी आणि सोडल्यावर जागीच थांबावी. पुढच्या पायरीवर जा.

विषुववृत्तीय माउंटला (ज्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे करायचा असतो त्या, वजनाच्या दांडीच्या माउंटला) मात्र वेळ द्या. जोडताना आधी वजन, मग नळी. काढताना आधी नळी, मग वजन. उलट केलंत तर सगळा भार एका बाजूला जाऊन माउंट कलंडतं. वजनाच्या दांडीच्या टोकाचा छोटा स्क्रू काढून ठेवू नका. वजन निसटलं तर ते पायावर पडण्यापासून वाचवणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

मग तोल. आयपीस आणि फाइंडर (नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन) लावलेले असू द्या. दांडी जमिनीला समांतर करा, पहिल्या अक्षाचा क्लॅम्प सैल करा आणि हात सोडल्यावर दांडी आहे तिथेच राहील असं वजन सरकवा. तो क्लॅम्प आवळा, नळी आडवी करा, दुसऱ्या अक्षाचा क्लॅम्प सैल करून नळी कड्यांमध्ये मागेपुढे सरकवा. तोल चुकला की बारीक हालचालीच्या दांड्या एका दिशेला जड आणि दुसऱ्या दिशेला सैल लागतात.

आता मुख्य, म्हणजे तो पहिला अक्ष. अक्षांशाच्या मोजपट्टीवर तुमच्या ठिकाणाचा अक्षांश लावा आणि अक्षाचं तोंड उत्तरेला करा. दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेला. उत्तर गोलार्धात ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ तुमच्या अक्षांशाइतकीच असते, त्यामुळे तो दिसत असेल तर काम पटकन होतं. इमारतीआड असेल तर होकायंत्र पुरे. नुसतं बघायचं असेल तर एक-दोन अंशांची चूक चालते.

नवखे हमखास चुकतात ते यापुढे. तारा शोधायला ते अक्षांशाचा स्क्रू फिरवतात किंवा ट्रायपॉडच उचलून वळवतात. अक्ष एकदा ध्रुवाकडे केला की रात्रभर त्याला हात लावायचा नाही. तारा शोधायचा तो फक्त दोन क्लॅम्प सैल करून. मग पृथ्वीच्या फिरण्याने निसटणारा ग्रह परत मध्यावर आणायला एकच दांडी हळूहळू फिरवावी लागते. विषुववृत्तीय माउंटचा सगळा उपयोग तोच. विषुववृत्ताजवळच्या, साधारण वीस अंशांखालच्या ठिकाणी आणखी एक अडचण येते: अक्ष खूप खाली झुकतो आणि वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पुढच्या पायाला आपटते. त्या बाजूला एक पाय येण्याऐवजी दोन पायांमधली मोकळी जागा येईल असा ट्रायपॉड वळवा.

४. फाइंडर दिवसा जुळवा

रात्री फाइंडर जुळवायला बसू नका. तारा सतत सरकत असतो. दिवसा किमान अर्धा किलोमीटर दूरची स्थिर वस्तू निवडा: मोबाइल टॉवरचं टोक, पाण्याच्या टाकीचा कोपरा. २५ मिमीच्या आयपीसमध्ये ते टोक बरोबर मध्यात आणा, क्लॅम्प आवळा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली किंवा लाल ठिपका त्याच टोकावर आणा. मग १० मिमीचं आयपीस लावून पुन्हा तपासा. चित्र उलटं दिसेल. ते तसंच दिसायला हवं. आकाशात वर-खाली नसतं.

दिवसाच्या कामात सूर्य ज्या बाजूला असेल तिकडे नळी किंवा फाइंडर क्षणभरही फिरवू नका. डोळ्याला कायमचं अंधत्व येतं, आणि दुखत नसल्यामुळे त्या क्षणी ते कळतही नाही. आयपीसवर चढवायची 'सन' लिहिलेली काळी काच सोबत आली असेल तर फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती ऐन वेळी तडकते. सूर्य बघायचा तर नळीचं पूर्ण तोंड झाकणारी खास सौर फिल्म हवी, आणि फाइंडरवर झाकण हवं.

५. आरसे जुळवा

एफ/८ दुर्बीण चुका पोटात घालते. जिथे चित्र निर्दोष असतं तो मधला भाग तिच्यात सुमारे ११ मिमी रुंद असतो. एफ/५ मध्ये तो पावणेतीन मिमीच उरतो. आरसा केसभर कलला तरी हा भाग आयपीसच्या मध्यातून निसटतो आणि ग्रह लोणी फासल्यासारखे दिसतात.

मुख्य आरशाच्या मध्यावर खूण आहे का ते आधी पाहा. नसेल तर करावी लागेल. मागची आरशाची बैठक आणि नळी यांवर पेन्सिलीने एक सलग रेघ मारा, म्हणजे परत बसवताना ती तशीच बसेल. मग बैठक बाहेर काढा. आरशाच्या मापाचा कागदी गोल कापा, त्याची चौघडी करा आणि टोक किंचित छाटा. उघडला की मध्यात बारीक भोक. हा गोल आरशावर अलगद ठेवून भोकातून मार्करचा एक ठिपका द्या, कागद उचला आणि ठिपक्याभोवती चिकट रिंग लावा. घाबरू नका, या जागेवर तसाही दुय्यम आरशाची सावली पडते, त्यामुळे कामाचा प्रकाश काही कमी होत नाही.

बैठक बाहेर आहेच तर आरसा धरणाऱ्या क्लिपाही पाहा. त्या आरशावर दाबल्या गेल्या असतील तर तारे गोल न दिसता तिकोनी दिसतात. क्लिप आणि आरसा यांच्यामध्ये साधा कागद सहज सरकेल इतकी फट ठेवा.

आता बैठक परत बसवा आणि नळी आडवी ठेवा. आडवीच. उभ्या नळीत हातातून सुटलेली अ‍ॅलन की थेट मुख्य आरशावर पडते.

अ. दुय्यम आरशाची जागा. फोकसरसमोरच्या आतल्या भिंतीला एक पांढरा कागद लावा, आणि दोन आरशांच्या मध्ये दुसरा आडवा धरा, म्हणजे मुख्य आरशाचं प्रतिबिंब गोंधळ घालणार नाही. झाकणाच्या भोकातून पाहा. दुय्यम आरसा लंबगोल असला तरी इथून गोल दिसला पाहिजे आणि फोकसरच्या कडेच्या मधोमध दिसला पाहिजे. पुढे-मागे सरकवायला मधला मोठा स्क्रू. गोल दिसावा म्हणून आरशाची बैठक हाताने किंचित फिरवा.

आ. दुय्यम आरशाचा कल. मधला कागद काढा. आता मुख्य आरशाचं प्रतिबिंब दिसेल. तीन छोटे स्क्रू वापरून त्याच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसू द्या आणि मध्यावरची रिंग भोकाच्या बरोबर समोर आणा. इथला नियम: एक स्क्रू आवळण्याआधी दुसरा तितकाच सैल करा. तिन्ही एकदम सैल केले तर आरसा लोंबकळतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

इ. मुख्य आरसा. नळीच्या मागे सहा स्क्रू असतात: तीन जुळवायचे, तीन कुलपाचे. कुलपाचे आधी सैल करा. आता भोकातून पाहिलं की रिंगेजवळ तुमच्या झाकणाचंच काळं प्रतिबिंब आणि त्यातलं उजेडाचं टिंब दिसेल. जुळवायचा स्क्रू पाव-पाव फेराने फिरवत ते टिंब रिंगेच्या मध्यात आणा. कुणी नळीमागे स्क्रू फिरवायला असेल तर हे दोन मिनिटांत होतं. शेवटी कुलपाचे स्क्रू बोटांच्या हलक्या जोराने लावा. करकचून आवळलेत तर जुळवलेलं हलतं.

एफ/५ किंवा त्याहून कमी गुणोत्तराच्या दुर्बिणीत दुय्यम आरशाची काळी सावली किंचित मुख्य आरशाकडे सरकलेली दिसते. ती तशीच असायला हवी. ती मध्यात आणण्याच्या नादात बरोबर जुळलेले आरसे बिघडवू नका.

ई. ताऱ्यावर पडताळा. नळी गार झाल्यावर ध्रुवतारा धरा. तो जागचा जवळजवळ हलत नाही, म्हणून या कामाला त्याच्यासारखा तारा नाही. दक्षिणेत असाल तर दक्षिण ध्रुवाच्या बाजूचा एखादा ठळक तारा घ्या. शंभर-दीडशे पटीला तारा मध्यात ठेवून किंचित आउट ऑफ फोकस करा. एकात एक समकेंद्री वर्तुळं दिसली की झालं. वर्तुळं एका बाजूला दबलेली असतील तर तारा दृश्यात हळूहळू सगळीकडे सरकवून पाहा: जिथे ती जास्तीत जास्त समकेंद्री दिसतील तिथे थांबा आणि तिथून तारा मुख्य आरशाच्या स्क्रूंनी मध्यावर आणा. हे दोन-तीनदा करावं लागतं.

बर्ड-जोन्स दुर्बिणीत झाकणातून दिसणारं चित्र आतल्या लेन्समुळे बिघडतं आणि लेझरचा ठिपका पसरतो. तिथे एकतर लेन्स तात्पुरती काढून जुळवा किंवा सरळ ताऱ्यावरचा पडताळाच वापरा.

६. पहिली रात्र

अर्धा ते पाऊण तास आधी दुर्बीण बाहेर ठेवा. आरसा हवेपेक्षा गरम असेल तोवर नळीत हवेचे प्रवाह उठतात आणि चित्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. दिवसभर तापलेल्या काँक्रीटपेक्षा माती किंवा गवत बरं. खिडकीतून पाहू नका.

नळीचं तोंडाचं मोठं झाकण पूर्ण काढा. त्यात एक छोटं झाकण असतं, आणि तेवढंच उघडून महिनोन्महिने पाहणारे लोक आहेत. ११४ मिमीच्या दुर्बिणीचा अशाने पन्नासेक मिमीचाच आरसा कामाला येतो. फोकस अजिबात होत नसेल तर फोकसरचा कुलूप-स्क्रू आवळलेला आहे का, आणि गरज नसताना एखादी जोडनळी लावली आहे का, ते पाहा.

नेहमी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या आयपीसने सुरुवात करा. चंद्र पौर्णिमेला न पाहता अष्टमीच्या सुमारास पाहा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. गुरूचे चार मोठे चंद्र आणि दोन पट्टे ३६ पटीलाही दिसतात. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्या दृष्टीने कडेवर आली होती, त्यामुळे लगेचच्या एक-दोन वर्षांत ती बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका. सप्तर्षीतल्या वसिष्ठाकडे वळा: अरुंधती तर शेजारी दिसेलच, पण खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा निघेल. त्या दोघांमध्ये सुमारे १४ विकला अंतर आहे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ३६ पटीला ते वेगळे दिसले नाहीत तर पाचव्या पायरीकडे परत जा. मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका कमी पटीलाच खुलतात.

७. पैसे न लागणाऱ्या सुधारणा

थरथर मोजा. शंभर पटीला ताऱ्यावर असताना नळीला टिचकी मारा. दोन सेकंदांत तारा स्थिर झाला तर उत्तम. पाच सेकंद लागत असतील तर ट्रायपॉडवर काम करायला हवं. पाय पूर्ण आत घ्या आणि बसून पाहा, सगळे नट पान्याने आवळा, मधल्या ताटलीखाली वाळूची पिशवी टांगा. पोकळ पायांत वाळू भरली तर आणखी फरक पडतो.

फोकसर डगमगत असेल तर त्याच्या अंगावरचे दोन छोटे स्क्रू थोडे आवळा. तरीही फट राहिली तर दुधाच्या प्लॅस्टिक बाटलीची पातळ पट्टी आत सरकवा. त्याच प्लॅस्टिकची गोल चकती कापून दुय्यम आरशाची बैठक आणि मधला दांडा यांच्यामध्ये घाला. स्क्रूची टोकं धातूत खड्डे पाडत राहतात आणि म्हणून आरसा पुन्हापुन्हा त्याच खड्ड्यात घसरतो, तो त्रास थांबतो. फोकसरसमोरच्या आतल्या भिंतीला काळं मखमली कापड चिकटवलं की फिक्या तेजोमेघांमागचं आकाश जास्त काळं दिसतं.

माउंटमधलं वंगण कधीकधी डिंकासारखं चिकट असतं. गिअर पुसून पांढरं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावा.

८. आता खरेदी, या क्रमाने

पहिलं, जास्त रुंद दिसणारं आयपीस: ३२ मिमीचं प्लॉसल (आयपीसचा एक प्रचलित प्रकार). ९०० च्या दुर्बिणीत ते २८ पट देतं आणि पावणेदोन अंशांहून थोडं जास्त आकाश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या साडेतीन पट रुंदी. ६५० च्या दुर्बिणीला २५ मिमीचंच पुरतं. घेण्याआधी फोकसरचा व्यास मोजा: बहुतेकांचा सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिमी असतो, पण जुन्या किंवा अगदी छोट्या दुर्बिणींचा २४.५ मिमीही असतो.

दुसरं, ग्रहांसाठी एक चांगलं आयपीस. ९०० ला ८ किंवा ९ मिमी, ६५० ला ६ मिमी. दोन्हीकडे शंभर ते एकशेबारा पट होते. इतक्या कमी आकड्याचं प्लॉसल घेऊ नका. प्लॉसलमध्ये डोळा काचेपासून आयपीसच्या फोकल लेंथच्या सत्तरेक टक्के अंतरावर धरावा लागतो. ६ मिमीला ते चार मिमी, म्हणजे पापण्या काचेला घासतात. ६६ अंशांच्या रुंद दृश्याची आयपीस या कामाला सोयीची.

तिसरं, सोबतचा फाइंडर छोट्या प्लॅस्टिक लेन्सचा असेल तर लाल ठिपक्याचा. चौथं, विषुववृत्तीय माउंटला एका अक्षाची मोटर, पण थरथर आधी मिटली असेल तरच.

रंगीत फिल्टरांचा संच, ४ मिमीचं आयपीस, तीन पटीचा प्लॅस्टिक बारलो: यांवर काही खर्च करू नका. दोन पटीचा काचेचा बारलो मात्र उपयोगी पडतो. आयपीस वाढल्यावर घ्या.

९. आरशावरची धूळ

थोडी धूळ असू द्या. तिने चित्र बिघडत नाही, पुसल्याने बिघडतं. कोरड्या कापडाने तर कधीच पुसू नका, धुळीचे कण अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर ओरखडे काढतात. वर्षा-दोन वर्षांनी खरंच गरज पडली तर आरसा काढून आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात ठेवा, ओला कापूस नुसत्या त्याच्या स्वतःच्या वजनाने एकदाच फिरवून टाकून द्या. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभा करून वाळवा.

दवाने ओली झालेली दुर्बीण आत आणल्यावर लगेच झाकू नका. नळी आडवी ठेवा, झाकणं उघडी राहू द्या, सकाळी पूर्ण कोरडी झाली की लावा.